तालुक्याचा सेंटर, नॅशनलचा गार्ड

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पोरगं १४ वर्षांचं, दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात नववीला, उंची ५ फूट ११, शाळेच्या संघात सेंटर, म्हणजे रिंगजवळ उभा राहणारा उंच खेळाडू. त्याला बास्केटबॉलवरच पोट भरायचं आहे आणि डोक्यात एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक लीग, आहे. घोळ उंचीपासूनच सुरू होतो, म्हणून आधी तेच बोलू.

तालुक्याच्या सामन्यात या उंचीचा पोरगा म्हणजे ताडाचं झाड. सर त्याला रिंगखाली उभं करतात, रिबाउंड (हुकून परत आलेले चेंडू) सगळे त्याचेच, शाळा जिंकते. आता समजा तो आणखी चार इंच वाढला. राष्ट्रीय स्पर्धेत ६ फूट ३ चा खेळाडू गार्ड असतो, म्हणजे रिंगपासून लांब राहून चेंडू खेळवणारा. सेंटरच्या जागेवर ६ फूट ८ च्या पुढची माणसं उभी असतात; भारताकडून खेळलेला अमृतपाल सिंग ६ फूट ११ आहे. म्हणजे चार वर्षं ज्या जागेवर घासली ती जागा पुढे मिळणार नाही, आणि जी मिळू शकते तिथे लागणारं ड्रिब्लिंग (चेंडूला टप्पे देत पुढे नेणं), डावा हात, बाहेरून शॉट यातलं काहीच अंगात नसेल. सरांना सांगा, सामन्यात सेंटर खेळवा हवं तर, पण सराव गार्डचा द्या.

एनबीएबद्दल लपवाछपवी नको. ३० संघ, नव्या खेळाडूंची निवड वर्षातून एकदा, दोन फेऱ्यांची, जेमतेम ६० नावं, तीही जगभरातून. पंजाबातल्या बल्लो के गावचा, शेतकऱ्याच्या घरचा सतनाम सिंग २०१५ मध्ये ५२ व्या क्रमांकावर डॅलस मॅव्हरिक्सने निवडला. उंची ७ फूट २, आधी लुधियाना अकादमी, मग २०१० पासून अमेरिकेत शिक्षण आणि सराव. तरी त्याला एनबीएचा एकही सामना मिळाला नाही, खेळला तो खालच्या लीगमध्ये. प्रिन्सपाल सिंग २०२१ मध्ये सॅक्रामेंटो किंग्जच्या समर लीग (एनबीएची उन्हाळ्यातली नवोदितांची स्पर्धा) जिंकणाऱ्या संघात होता, पण मुख्य संघाचा करार त्यालाही झाला नाही. स्वप्न ठेवू द्या, घरखर्चाचा हिशेब त्याच्यावर मांडू नका.

आपल्याकडे बास्केटबॉलपटूचं पोट आजवर नोकरीने भरलं आहे. रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, आयकर, इंडियन ओव्हरसीज बँक यांचे संघ आहेत. खेळाडू तिथे पगारावर असतो, संघाकडून खेळतो आणि खेळ संपला की टेबलावर बसतो. भारताचा कर्णधार राहिलेला, २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळालेला विशेष भृगुवंशीही ओएनजीसीचा. पुण्याची शिरीन लिमये रेल्वेकडून खेळली. खासगी लीग येतात आणि जातात. यूबीए लीग २०१५ ला सुरू झाली आणि काही हंगामांत बंदही पडली.

रेल्वेच्या क्रीडा कोट्याचं गणित आत्तापासून माहीत असू द्या. वय १८ ते २५, सवलत कोणालाच नाही. एकूण १०० पैकी ५० गुण कामगिरीचे, ४० चाचणीचे, १० शिक्षणाचे. चाचणीत ४० पैकी किमान २५ हवेत, नाहीतर कागद कितीही भारी असले तरी बाहेर. शिवाय कामगिरी चालू आणि मागच्या दोन आर्थिक वर्षांतलीच धरतात. सोळाव्या वर्षीचं राष्ट्रीय पदक विसाव्या वर्षी भिंतीवर शोभतं, अर्जाला चालत नाही. दहावीत चमकलेली बरीच पोरं इथेच आपटतात: बारावीनंतर खेळ सुटतो आणि वीस-एकविसाव्या वर्षी जुनी फाईल घेऊन फिरतात. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून व्हावी लागते. ती जाहिरात निघायच्या आधीच उरकून ठेवा.

तिथवर जायचे रस्ते तीन. शालेय स्पर्धा: १४, १७, १९ वर्षांखालील, तालुका, जिल्हा, अमरावती विभाग, राज्य, मग राष्ट्रीय. दुसरा बास्केटबॉल संघटनेचा: १६ वर्षांखालील यूथ, १८ वर्षांखालील ज्युनिअर, नंतर सीनिअर. क्रिकेटसारखा वेगळा विदर्भ इथे नाही. जागा महाराष्ट्राच्या संघात, म्हणजे पुण्या-मुंबईच्या पोरांना मागे टाकून. तिसरा आंतरविद्यापीठ, २५ वर्षांपर्यंत. खेड्यातल्या पोरासाठी मला हाच सगळ्यात भरवशाचा वाटतो, आणि सगळ्यात दुर्लक्षितही हाच. जिल्हा संघटनेची निवड चाचणी कधी आहे हे शाळेत कळेलच असं नाही. यवतमाळला दर महिन्याला विचारत राहा.

दहावीनंतर मात्र पोराला हलवावंच लागेल. एकट्याने शॉट सुधारतो, पाच विरुद्ध पाचचा खेळ एकट्याने येत नाही. रोज संध्याकाळी आपल्यापेक्षा मोठी पोरं अंगावर घ्यायची तर नागपूर गाठावं. शिवाजीनगर जिमखान्यासारख्या मैदानांवर पिढ्यान्‌पिढ्या हेच चालू आहे. सिया देवधर नागपूरच्याच मैदानांवरून भारताच्या संघात गेली. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे.

तोवर दोन वर्षं गावातच काढायची, तर वावराच्या कडेला एक पोल उभा करा. पूर्ण मैदान २८ बाय १५ मीटर, ते नको. थ्री-बाय-थ्रीला (तीन विरुद्ध तीनच्या खेळाला) एकच रिंग आणि १५ बाय ११ ची जागा पुरते. आपली काळी माती या कामाला वैरी. उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि दोन फुटांत गाडलेला पोल पहिल्याच श्रावणात वाकडा होतो. काळी संपून मुरूम लागेपर्यंत खोदा, चार फुटांपेक्षा कमी नाहीच, आणि मग काँक्रीट भरा. खेळायच्या जागेची वरची काळी फूटभर काढून मुरूम टाका, पाणी मारून दाबा. रिंगची वरची कड जमिनीपासून ३.०५ मीटर, पण हे माप मुरूम भरून झाल्यावर घ्या. आधी मोजून पोल रोवला आणि नंतर सहा इंच भर टाकली, की रिंग साडेनऊ फुटांवर येते आणि पोराचा हात त्याच उंचीला बसतो. वेल्डिंगवाल्याला रिंगचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर सांगा, नुसतं ‘दीड फूट’ म्हटलं तर तो बाहेरून मोजतो. फळी १.८० बाय १.०५ मीटर, तिची खालची कड २.९० वर. पोल फळीच्या मागे निदान तीन-चार फूट असावा आणि त्याला जुनी गादी बांधावी, नाहीतर ले-अप (धावत येऊन रिंगजवळून टाकायचा चेंडू) मारून पोरगं थेट लोखंडावर. चेंडू ७ नंबर, रबरी. मुरमावर कंपोझिट (कृत्रिम चामड्याच्या) चेंडूची पकड लवकर जाते.

सराव पहाटे साडेपाच ते साडेसात. रिंगपासून तीन फुटांवर एका हाताने ५० गेलेले शॉट. मारलेले नव्हे, गेलेले मोजायचे. मग डाव्या हाताने ५० ले-अप, शेवटी दमलेल्या अंगाने ५० फ्री थ्रो (ठरलेल्या रेषेवरून, कोणी न अडवता मारायचे शॉट) आणि किती गेले ते वहीत. फ्री थ्रो शंभरात ७० जाईपर्यंत ६.७५ मीटरच्या, तीन गुणांच्या रेषेकडे फिरकू देऊ नका. ताकद कमी असताना लांबून मारलं की चेंडू खांद्यावरून फेकला जातो, कोपर बाहेर पडतं आणि ती खोड नंतर वर्षभर जात नाही. ड्रिब्लिंग मुरमावर शिकू नये, चेंडू कुठेही उडतो. शाळेचा किंवा ग्रामपंचायतीचा सिमेंटचा ओटा त्यासाठी बरा.

या वयात गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा दुखायला लागणं फार नेहमीचं. हाड भराभर वाढतं, स्नायूबंध त्याला ओढतो. अशा वेळी उड्या कमी करा, शॉट आणि ड्रिब्लिंग चालू ठेवा, सूज किंवा लंगडणं असेल तर हाडांच्या डॉक्टरला दाखवा. रगडून घ्यायला कोणाकडे नेऊ नका, त्याने दुखणं वाढतं. घोटा मुरगळतो तो बहुधा दुसऱ्याच्या पायावर उतरल्याने. रोज एका पायावर डोळे मिटून ३० सेकंद, तीन वेळा, हा स्वस्तातला उपाय. धावायचे उंच टाचेचे बूट नकोत, सपाट रुंद तळव्याचे घ्या. पावडरीचे डबे अजिबात नकोत: सतनामला डिसेंबर २०२० मध्ये हायजेनामाइन या बंदी असलेल्या पदार्थासाठी दोन वर्षांची बंदी लागली, आणि हा पदार्थ सप्लिमेंटमध्येही सापडतो. अंडी, दूध, भुईमूग, तुरीचं वरण यावर पोरगं वाढतं.

एक कागद मात्र आजच बघा. जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधार, तिन्हीवर जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग एकच आहे का? जन्माची नोंद उशिरा झाली असेल तर वयाबद्दल शंका घेतली जाते आणि मनगटाच्या एक्स-रेपर्यंत गोष्ट जाऊ शकते. पहिलीत घालताना सरांनी लिहिलेली १ जूनची तारीख असेल तर दुरुस्ती या सुट्टीतच करून घ्या. स्पर्धांचे अर्ज सुरू झाले की त्याला वेळ मिळत नाही.