नंबर लोखंडात, नाव उंबऱ्यावर
वाचकांचे प्रश्न : जुन्या मोटारींचा माग

आमच्या वाड्यामागच्या शेडात एक जुनी मोटार चाळीसेक वर्षं उभी आहे. रेडिएटरवर कसलीही खूण नाही, आरसी बुक सापडत नाही. मागच्या दाराच्या उंबऱ्यावर पितळी पट्टी आहे, तिच्यावर 'बार्कर' एवढंच वाचता येतं. घरात सगळे सांगतात, ही महाराजांची गाडी. बार्कर नावाची गाडी असते का? शोध कुठून सुरू करावा?
— वाचक, कागल

बार्कर ही मोटार बनवणारी कंपनी नव्हे. बार्कर बॉडी बांधायचे. लंडनमध्ये साउथ ऑडली स्ट्रीटवर त्यांची पेढी होती आणि मोटारी येण्याआधी ते घोड्यांच्या बग्ग्या बांधत. दुसऱ्या महायुद्धाआधी रोल्स-रॉइस स्वतः बॉडी बांधतच नसे; इंजिन, चेसिस म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, रेडिएटर आणि बॉनेट एवढंच द्यायची. गिऱ्हाईक ते धूड बार्कर, हूपर, विंडोव्हर्स, थ्रप अँड मॅबर्ली अशा एखाद्या पेढीकडे पाठवायचं आणि आपल्या पसंतीची बॉडी बांधून घ्यायचं. म्हणजे तुमच्या शेडात दोन वस्तू उभ्या आहेत, चेसिस एक आणि बॉडी दुसरी. दोघींचे नंबर वेगळे, कागद वेगळे, वयही वेगळं असू शकतं. शोधही दोघींचा वेगवेगळाच घ्यावा लागतो. लोक इथेच गोंधळतात. उंबऱ्यावरचं नाव वाचून गाडीचा इतिहास कळला असं धरून चालतात आणि चेसिसकडे बघतच नाहीत.

आधी एक विनंती. ती पितळी पट्टी ब्रासो लावून चमकवू नका. अक्षरं कोरून त्यांत काळा रंग भरलेला असतो. दोनदा घासली की तो निघतो आणि उथळ कोरीव कामही पुसट होतं. मऊ फडक्यानं धूळ काढा, बॅटरीचा झोत बाजूनं तिरका पाडा आणि फोटो घ्या. समोरून उजेड मारला तर काही दिसत नाही, तिरक्या उजेडात बुजलेलं अक्षरही वर येतं.

मग चेसिस नंबर. बॉनेट उघडल्यावर इंजिनच्या मागे जो उभा पत्रा असतो, त्यावर कंपनीची पाटी असते. पाट्या निघतात, बदलतात, विकल्याही जातात, म्हणून तेवढ्यावर थांबू नका. तोच नंबर चेसिसच्या लोखंडात ठोकलेला असतो. रोल्स असेल तर पुढच्या भागात, स्टिअरिंग बॉक्सच्या आसपास शोधा. तिथे शंभर वर्षांचं ग्रीस आणि रंगाचे चार-पाच थर असणार. रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी रात्रभर गुंडाळून ठेवा, सकाळी लाकडी चिपेनं ग्रीस खरवडा, रंगाला पेंट रिमूव्हर लावा आणि पितळी तारांच्या ब्रशनं हलक्या हातानं साफ करा. ग्राइंडर किंवा सँडिंग डिस्क अजिबात लावू नका. ठोकलेला आकडा जेमतेम अर्धा मिलिमीटर खोल असतो. तो गेला तर गाडीची ओळख गेलीच, शिवाय घासलेला नंबर दिसला की पासिंगच्या वेळी नंबर खोडल्याचा संशय येतो. आकडे दिसले की पातळ कागद ठेवून मऊ शिशाच्या पेन्सिलीनं छाप घ्या. आरटीओत पेन्सिल प्रिंट म्हणतात, तोच. इंजिन नंबर क्रँककेसवर वेगळा असतो, त्याचीही छाप घ्या.

गाडी रोल्स असेल तर नंबरावरूनच बरंचसं कळतं. १९२९ ते १९३६ च्या '२०/२५' मॉडेलच्या गाड्यांचे नंबर इंग्रजी जी अक्षरानं सुरू होतात, पुढे आणखी दोन अक्षरं आणि मग आकडा. फँटम दोन या मॉडेलमध्ये आकडा आधी, अक्षरं मागून. तेरा आकडा कंपनी वापरत नसे. तुमच्या वाचनात तेरा आला तर पुन्हा बघा, बहुधा आठाचा तीन झालेला असतो.

नंबर हातात आला की इंग्लंडमध्ये नॉर्दम्प्टनशरच्या पॉलर्सपरी गावी 'हंट हाउस' आहे, तिथे पत्र टाका. रोल्स-रॉइस एन्थुझिअॅस्ट्स क्लबचं ते मुख्य ठाणं, आणि चेसिस कार्डं तिथे जपून ठेवली आहेत. फी भरली की नक्कल मिळते. कार्डावर गिऱ्हाइकाचं नाव, बॉडी कुणाकडे गेली, चाचणी कधी झाली, इंजिन नंबर, पुष्कळदा बोटीचं नावसुद्धा असतं. कार्डावरचा इंजिन नंबर तुमच्या छापेशी जुळतो का, हे सगळ्यात आधी बघा. आणि कार्डावर महाराजांचं नाव नसेल तर लगेच खट्टू होऊ नका. पुष्कळ गाड्या मुंबईच्या विक्रेत्याच्या किंवा डेपोच्या नावावर यायच्या आणि इथे विकल्या जायच्या. संस्थानिक वापरलेल्या गाड्याही घेत.

'महाराजांची गाडी' हे मात्र कागदानंच ठरवा. कागल ही कोल्हापूरची जहागीर, तशाच इचलकरंजी, विशाळगड, बावडा. शेजारी सांगली, मिरज, जमखिंडी, कुरुंदवाड ही वेगळी संस्थानं. घरात 'महाराज', 'सरकार', 'थोरले मालक' हे शब्द पिढ्यापिढ्यांत एकमेकांत मिसळतात. तेव्हा कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जाताना कोणत्या घराण्याची गाडी याचे दोन-तीन पर्याय आणि चेसिस कार्डावरचं साल, एवढं घेऊन जा. नुसतं 'मोटारीचे कागद दाखवा' म्हणाल तर हाती काही लागणार नाही, कारण दप्तर वस्तूवार नव्हे, खातेवार लावलेलं असतं. खासगीचा म्हणजे राजघराण्याचा खर्च आणि हुजूरचे म्हणजे राजाचे हुकूम यांपासून सुरुवात करा. पुष्कळसं मोडीत आहे; स्वतःला येत नसेल तर वाचणारा माणूस सोबत न्या. आणि डोळ्यांनी 'मोटार' हा शब्द शोधा. त्या काळच्या दप्तरात 'गाडी' म्हणजे बहुतेकदा घोड्याची किंवा बैलाची. करवीर सरकारचं गॅझेट आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असलेलं रेसिडेन्सीचं, म्हणजे संस्थानातल्या ब्रिटिश प्रतिनिधीच्या कचेरीचं दप्तर, हे त्यानंतर.

आमच्या फँटमची बॉडी उघडली तर आत सागवानी सांगाडा निघाला. मेस्त्री म्हणतात, विलायती बॉडीत अॅश लाकूड असतं, म्हणजे ही बॉडी नकली. खरं आहे का?
— वाचक, इचलकरंजी

मेस्त्रींचं निम्मं बरोबर आहे. इंग्लिश पेढ्या सांगाडा अॅशचा करत आणि वर अॅल्युमिनियमचा पत्रा चढवत. अॅश लवचिक असतो, वाकवता येतो, पण आपल्या पावसात सांध्यांपासून कुजतो आणि वाळवीलाही आवडतो. त्यामुळे सागवान दिसलं की तीन शक्यता धराव्यात. मूळ बॉडीचे कुजलेले खांब कुणीतरी सागात बदलले. किंवा पूर्ण बॉडी भारतात बांधली. किंवा जुनी बंद टपाची सलून कापून अलीकडे उघडी टूरर केली.

पहिली शक्यता तपासायला सगळ्यांत कमी हललेलं लाकूड बघा. मागच्या सीटखालची चौकट, दाराच्या कुलुपाचा खांब, फळ्यांची खालची बाजू. तिथे कुठेतरी जुना पिवळट अॅश सापडला तर बॉडी मूळची आहे. गादीचं कव्हर किंवा दाराचं अस्तर काढाल तेव्हा त्याची मागची बाजू पुसू नका. पेढीतले कारागीर बॉडी नंबर खडूनं तिथेच लिहीत, आणि लाकडात तो ठोकीतही. वेगवेगळ्या भागांवर एकच नंबर तीन-चार ठिकाणी मिळाला तर ते सगळे एकाच बॉडीचे.

दुसरी शक्यता कमीपणाची मुळीच नाही. मद्रासची सिम्प्सन, कलकत्त्याची स्टुअर्ट या पेढ्या उत्तम बॉड्या बांधत. तशी बॉडी निघाली तर ती फेकून 'विलायती' नक्कल चढवण्याचा सल्ला कृपा करून ऐकू नका. अशी अस्सल भारतीय बॉडी आज विलायतीइतकीच जपण्याजोगी आहे, आणि एकदा मोडली की परत येणार नाही.

तिसरी शक्यता पकडून देतात ते स्क्रू आणि बोल्ट. युद्धाआधीच्या इंग्लिश कामात स्क्रूच्या डोक्याला एकच सरळ खाच असते. अधिकच्या खुणेचा, फिलिप्स डोक्याचा स्क्रू मूळ लाकडात घट्ट बसलेला दिसला तर तो भाग नंतरचा. बोल्टचे आटे गेजनं मोजा. व्हिटवर्थ आणि बीएसएफ या जुन्या इंग्लिश आट्यांचा कोन ५५ अंश. १९४९ नंतर आलेल्या युनिफाइड आट्याचा ६० अंश. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कुठल्याही जाणत्या लेथवाल्याकडे हा गेज असतो, पाच मिनिटांचं काम. एखाददुसरा बोल्ट बदललेला असणारच, त्यावरून निकाल देऊ नका. बॉडी चेसिसला जिथे बसते ते बोल्ट सगळेच ६० अंशांचे निघाले आणि शेजारी चेसिसमध्ये जुनी, रिकामी भोकं दिसली, तर मात्र बॉडी कधीतरी उतरली आहे हे धरा.

दसऱ्याला कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची जी मेबॅक मोटार निघते, ती सगळी जर्मनीतच बनली का?
— वाचक, राजारामपुरी

मेबॅकचं काम असं चाले : इंजिन आणि चेसिस जर्मनीतल्या फ्रीडरिशहाफेनच्या कारखान्यात, आणि बॉडी बाहेरच्या पेढीकडे, बहुतेक बॉड्या जवळच्या राव्हेन्सबुर्ग गावी हेर्मान श्पोन यांच्याकडे बांधल्या जात. १९२१ ते १९४१ या वीस वर्षांत मिळून मेबॅक जेमतेम अठराशेच्या घरात झाल्या, म्हणून दसरा चौकात दिसते ती गाडी जगाच्या हिशेबातही दुर्मिळ आहे. अभ्यास करायचा असेल तर बव्हेरियातल्या नॉयमार्क्ट गावी फक्त मेबॅकचं संग्रहालय आहे. दसऱ्याच्या गर्दीत फोटो काढाल तेव्हा पूर्ण गाडीबरोबर दाराचे बिजागर, मडगार्डची कड आणि दिव्यांच्या काचा जवळून घ्या. बॉडीची तुलना त्यांवरूनच होते.

माझ्या पणजोबांची मोटार संस्थान विलीन झाल्यावर विकली गेली. हाती एकच फोटो आहे, त्यात नंबर अर्धवट दिसतो. ती आज कुठे असेल हे शोधता येईल का?
— वाचक, पुणे (मूळ गाव गडहिंग्लज)

येईल, पण गाडीच्या नंबरावरून नव्हे. दख्खनची संस्थानं ८ मार्च १९४८ ला मुंबई प्रांतात गेली, कोल्हापूर १ मार्च १९४९ ला. संस्थानी नंबर गेले, मुंबईचे आले. महाराष्ट्र झाल्यावर नव्या मालिका, १९८९ नंतर एमएच ०९ सारखे. परजिल्ह्यात किंवा परराज्यात विकली तर आणखी वेगळा. एका गाडीला चार-पाच नंबर सहज झालेले असतात. फोटोतल्या नंबराचा उपयोग फोटो कोणत्या काळातला हे ठरवायला करा.

फोटो मूळ प्रतीवरून १२०० डीपीआयला स्कॅन करा, मोबाइलनं काढलेली नक्कल चालणार नाही. मग रेडिएटरचा आकार, चाकं तारांची की पत्र्याची, स्टेपनी बाजूला की मागे, दारं पुढून उघडतात की मागून, आणि टपाची घडी, एवढं टिपा. यावरून कंपनी आणि चार-पाच वर्षांचा टप्पा कळतो. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर तोही टिपा.

त्यानंतर चेसिस नंबर मिळवायचा. तो तुमच्या घरातच असू शकतो : विम्याची पावती, विलीनीकरणाच्या वेळची खासगी मालमत्तेची यादी, टायरचं बिल. कागद पुरात भिजून चिकटले असतील तर ओढून सोडवू नका आणि उन्हात किंवा इस्त्रीखाली वाळवू नका. मधे टीपकागद घाला, सावलीत पंख्याखाली ठेवा आणि टीपकागद बदलत राहा. गाडी पॅकार्ड निघाली तर तुम्ही नशीबवान, कारण तिच्या फायरवॉलच्या, म्हणजे इंजिनामागच्या उभ्या पत्र्याच्या पाटीवर विक्रेत्याचं नाव आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीखच ठोकलेली असते.

नंबर मिळाला की तो बोनहॅम्स, आरएम सदबीज अशा लिलाववाल्यांच्या जुन्या कॅटलॉगांत शोधा. साठ-सत्तरच्या दशकांत आपल्याकडच्या कितीतरी गाड्या परदेशी गेल्या. पुढे जुन्या मोटारींच्या निर्यातीवर बंधनं आली. इंदूरच्या यशवंतराव होळकरांची ड्यूसेनबर्ग अशीच अमेरिकेत आहे. चेसिस इंडियानापोलिसचं, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची. इंजिन नंबर जे-५८५ जगभर माहीत असल्यामुळे त्या गाडीबद्दल कुणाचा वाद होत नाही. देशातल्या देशात शोधायचं तर मुंबईच्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लबला लिहा आणि अहमदाबादजवळ काठवाड्याचं ऑटो वर्ल्ड स्वतः जाऊन बघा. पत्रात गोष्ट कमी आणि नंबर, साल, फोटो आधी. गाडी सापडली तरी मालकाशी बोलताना पहिल्याच फोनवर 'आमची गाडी' म्हणू नका. हक्क सांगायला आलात असं वाटून माणूस दार लावून घेतो.

गाडीची ओळख पटली, कार्डही आलं. आता पासिंग कसं करावं?
— वाचक, शाहूपुरी

जुलै २०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्राचे वेगळे नियम आहेत. नोंदणीच्या अर्जाचा फॉर्म २०, विमा, आणि गाडी आधी भारतात नोंदलेली असेल तर जुनं आरसी बुक. बाहेरून आणलेली असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टमचा कागद. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या वेळी ५,०००. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. आधीचा नंबर चालू असेल तर तो ठेवता येतो, आणि ठेवाच. तोही गाडीच्या इतिहासाचा भाग आहे. अशी गाडी रोजच्या वापरात किंवा धंद्यात चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच.

एक अट नीट वाचा. चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल केलेली गाडी यात बसत नाही. म्हणून जीपचं डिझेल इंजिन घातलेल्या गाडीचं मूळ इंजिन भंगारात न देता आधी ते शोधा. वाड्याच्या कोपऱ्यात, विहिरीच्या पंपाला, पिठाच्या गिरणीला जोडलेलं अशी मूळ इंजिनं आपल्या भागात निघतात. क्रँककेस पुसा आणि नंबर कार्डाशी लावून बघा.