संध्याकाळी पाचचा फोन

बर्मिंगहॅमहून एका आईचं पत्र आलं आहे. एकोणीस वर्षांची मुलगी, विद्यापीठ सुरू होण्याआधी सहा महिने इस्राएलमध्ये अरावा वाळवंटातल्या एका किबुत्झवर, म्हणजे सामाईक शेती-वसाहतीवर, स्वयंसेवक म्हणून गेली आहे. आज तिचा नववा दिवस. आई कामावरून पाचला घरी येते, चहा टाकते, फोन लावते, आणि रोज मुलगी रडते. खोलीत तिघीजणी, कपडे सगळ्यांच्या धुलाईत, पहाटे पाचला खजुराच्या बागेत हजर. बरोबरीने काम करणाऱ्या बाईंनी तोंडावर सांगितलं, "तू फार हळू आहेस." मुलगी म्हणते, "आई, इथे माझं असं काहीच नाही गं." आईचा प्रश्न एका ओळीचा आहे: परत बोलावू का?

ताई, रडतेय म्हणून बोलावू नका. बोलावण्याचं कारण एकच असू शकतं, ते म्हणजे सुरक्षितता, आणि त्याचा विचार आजच करा. ७ ऑक्टोबर २०२३ ला गाझाजवळच्या बेएरी, नीर ओझ, कफार अझा या किबुत्झांवर जे झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. अरावा तिथून लांब आहे, तरी तुम्ही तिला सरळ विचारा: भोंगा वाजला तर आसरा कुठे घ्यायचा आणि तिथे किती वेळात पोचायचं, हे कुणी दाखवलंय का? ब्रिटिश सरकारचा त्या भागाबद्दलचा आजचा सल्ला वाचा. सरकारने जाऊ नका म्हटलेल्या ठिकाणी प्रवासविमा बहुधा लागू होत नाही, तेव्हा विमा कंपनीकडूनही लेखी उत्तर घ्या. इथे समाधान झालं नाही, तर खुशाल परत बोलवा, त्यात कमीपणा नाही.

समाधान झालं, तर पुढचं वाचा.

मी स्वतः बाविसाव्या वर्षी उत्तरेकडच्या एका किबुत्झवर पाच महिने होते, भांडी धुण्याच्या कामावर. पहिले चार दिवस मी ताट घेऊन कोपऱ्यात एकटी जेवले. मनात राग होता की शंभर माणसांच्या जेवणघरात एकालाही "ये, बस" म्हणावंसं वाटत नाही? आपण आग्रहात वाढलेली माणसं. दारात उभं राहिलं की कुणीतरी 'या' म्हणणार, पानात वाढताना 'अजून एक' म्हणणार, ही आपली सवय. पाचव्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या एका आजोबांनी विचारलं, "तू कुणाची वाट बघतेयस?" तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिथे कुणी आग्रह करत नाही, कारण टेबल आधीपासूनच तुमचं धरलेलं असतं. स्वतःच्या घरात कुणी आपल्याला 'बसा' म्हणतं का?

ही पद्धत आजची नाही. गॅलिलीच्या तळ्याकाठी १९१० मध्ये देगानिया हा पहिला किबुत्झ उभा राहिला, तेव्हा पूर्व युरोपातून आलेल्या त्या तरुण मुलामुलींनी जमीन, मिळकत, स्वयंपाक, सगळं एकत्र ठेवलं. पुढे अनेक किबुत्झांवर अंगावरचे कपडेसुद्धा सामाईक असत आणि मुलं आईवडिलांपासून वेगळी, बालगृहात झोपत. तेवढं टोकाचं आता राहिलेलं नाही, आणि बालगृहं बंद झाली हे चांगलंच झालं असं मला मनापासून वाटतं. आज बहुसंख्य किबुत्झांवर ज्याचा त्याचा वेगळा पगार असतो आणि कित्येक ठिकाणी जेवणघर दुपारपुरतंच उघडतं. तुमच्या मुलीच्या किबुत्झवर ते अजून तिन्ही वेळा चालतं असं तुम्ही लिहिलंय. ही तिच्या नशिबाची गोष्ट आहे, कारण ओळखी होतात त्या तिथेच. सकाळच्या जेवणाला लोक काकडी, टोमॅटो ताटात घेतात आणि आपापल्या हाताने चिरतात, अगदी आपल्या कोशिंबिरीइतकं बारीक. तुमच्या मुलीला कोशिंबीर येत असेलच. तिने सुरी हातात घ्यावी आणि भरलेल्या टेबलाशी बसावं.

आता तुमचा फोन. तिथलं घड्याळ तुमच्या दोन तास पुढे आहे. तुमचे पाच म्हणजे तिचे सात, ऐन रात्रीच्या जेवणाची वेळ. सगळे टेबलाशी असताना ती फोन घेऊन बाहेरच्या कट्ट्यावर बसून रडते आणि परत आत येते तेव्हा माणसं पांगलेली असतात. नऊ दिवस हेच चाललंय. तुमची माया मला कळते, पण ही वेळ बदला. शनिवारी तिला सुट्टी असेल तेव्हा दुपारी निवांत तासभर बोला. मधल्या दिवसांत चार ओळींचा निरोप पुरे.

"तू हळू आहेस" हे तिला फार लागलंय. तिथे आडपडद्याशिवाय बोलण्याला दुग्री म्हणतात, आणि असं बोलणं हा आपलेपणा मानतात. तिने त्याच बाईंना विचारावं, "मग भरभर कसं करायचं, दाखवा." बहुतेक दाखवतील. मात्र कुणी अपमान केला, अंगचटीला आलं किंवा ठरल्यापेक्षा जास्त तास राबवलं, तर ते दुग्री नव्हे. स्वयंसेवकांची जबाबदारी ज्यांच्याकडे असते त्यांना तिने त्याच दिवशी सांगावं.

तुम्ही विचारलंय की जवळपास कुणी मराठी माणूस आहे का. आहे. अरावाहून बीरशेबाकडे जाताना वाटेत दिमोना लागतं. कोकणातून गेलेली बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंबं तिथे मोठ्या संख्येने आहेत, आणि जुन्या पिढीच्या घरांत अजून मराठी कानावर पडतं. तिने जरूर जावं, पण महिन्याभराने. आत्ताच ते घर सापडलं, तर दर आठवड्याला ती तिकडेच पळेल. जाताना शुक्रवारी सकाळीच निघावं, कारण शब्बाथसाठी, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसासाठी, दुपारनंतर बस बंद होतात त्या शनिवारी रात्रीच सुरू होतात.

पहिले तीन-चार शुक्रवार मात्र तिने किबुत्झवरच जेवावं. शब्बाथच्या त्या जेवणाला बरेच जण पांढरा सदरा घालून येतात. तिच्याकडे एखादा आहे का, एवढं विचारा.