सुवार्ता सांगायची आहे, पण दोन महिन्यांतच थकलो. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की बीड जिल्ह्यातल्या गावांत तुम्ही चौघं आठवड्याला पाच घरी प्रार्थनासभा घेता, ऐकणारे कमी झालेत आणि सेवेत आनंद राहिला नाही. माझ्या मते पाच घरं धरली हीच एक चूक. पण तिच्या मुळाशी दुसरी आहे, आधी ती सांगतो.

लूकच्या शुभवर्तमानात (बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक) १०व्या अध्यायात येशू सत्तर जणांना (काही प्रतींत बहात्तर) दोघादोघांनी पाठवतो. ते हरखून परत येतात, कारण भुतंही त्यांना वश झाली. येशू त्यांना म्हणतो, त्याचा आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिलेली आहेत याचा माना. आपला आनंद सभेला किती जण आले यावर टांगला की ओसरी रिकामी दिसली त्या दिवशी तो संपतो. म्हणून रोज सकाळी वीस मिनिटं शुभवर्तमानातला एक उतारा मोठ्यानं वाचा, तोही फक्त स्वतःसाठी. सभेत काय बोलायचं याची तयारी वेगळ्या वेळी करा. दोन्ही एकत्र केलं की वाचताना मन सारखं दुसऱ्यांसाठी मुद्दे शोधत राहतं, आणि आपण उपाशीच राहतो. मार्थेचंही तेच झालं: घरी आलेल्या येशूच्या पाहुणचारात ती इतकी गुंतली की त्याचं ऐकायचंच राहिलं. तिची गोष्ट याच अध्यायाच्या शेवटी आहे.

आता घरं. पाचांऐवजी एक ठेवा आणि मार्कचं शुभवर्तमान घ्या. त्याचे १६ अध्याय आहेत, आठवड्याला एक. आपल्याकडे वेळापत्रक मात्र कॅलेंडरवर नाही, कोयत्यावर ठरतं. ऊसतोडीच्या जोड्या दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलनंतर परततात. मेच्या अखेरीस सुरुवात केली तर पेरणीचे दोन आठवडे आणि पोळ्याचा एक सोडूनही दसऱ्याच्या आसपास मार्क पूर्ण होतो. दिवाळीनंतर नवा गट सुरू करणं म्हणजे निम्म्या कुलूपबंद घरांपुढे उभं राहणं. लोक ऐकत नाहीत असं वाटतं, खरं तर ते गावातच नसतात. जाणाऱ्यांच्या फोनमध्ये मार्कचं ऑडिओ निघण्याआधीच भरून द्या. सगळं मिळून दीड-दोन तासांचं आहे आणि फडावर रेंजचा भरवसा नसतो. फोन करायचा तर वेळ त्यांना विचारून करा, कारण गाडी भरायला रात्री-अपरात्रीही उठावं लागतं.

सभा पाऊण तासाची पुरे. दहा मिनिटं भजन, मग अध्याय मोठ्यानं वाचायचा. वाचता न येणारे असतील तर मोठ्या अध्यायातला मुख्य प्रसंग दुसऱ्या आवाजात पुन्हा वाचा. नंतर वीस मिनिटं चारच प्रश्नांवर बोलायचं: इथं काय घडलं, येशू कसा माणूस दिसतो, कुठं अडलं, या आठवड्यात काय करून बघू. चालवणाऱ्यानं कमीत कमी बोलावं. बहुतेक गट इथंच बिघडतात. एका प्रश्नाचं उत्तर म्हणून वीस मिनिटांचं प्रवचन होतं आणि पुढच्या वेळी कुणी तोंड उघडत नाही.

भाषाही तपासा. आपण सहज ‘तारण’ म्हणतो, पण शेतकऱ्याला तारण म्हटलं की बँकेत ठेवलेलं सोनं आठवतं. ‘सुटका’ म्हणा. ‘पश्चात्ताप’ऐवजी ‘मन फिरवणं’, ‘नीतिमान’ऐवजी ‘देवापुढं सरळ’. भजनाला टाळ आणि पेटी घ्या. हा नरसीच्या नामदेवांचा आणि पैठणच्या एकनाथांचा मुलूख आहे, इथल्या कानाला अभंगाची चाल लगेच ओळखू येते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी हे ओळखून ख्रिस्ताचे अभंग लिहिले, कीर्तनं केली. लाऊडस्पीकर मात्र नको.

साक्ष, म्हणजे आपला स्वतःचा अनुभव, तीन मिनिटांची असावी: आधी कसं होतं, येशू कसा भेटला, आता काय बदललं. पाप किती भयंकर होतं यातच अडीच मिनिटं घालवू नका.

काही गोष्टी ठामपणे टाळा. दुसऱ्याच्या देवाबद्दल वाईट बोलायचं नाही. आजाऱ्यासाठी जरूर प्रार्थना करा, पण गोळ्या बंद करायला कधीही सांगू नका. क्षयाची औषधं अर्धवट सोडली तर रोग औषधांना दाद देईनासा होतो. धान्य, वह्या, पैशांची मदत सभेच्या दिवशी आणि सभेच्या जागी देऊ नका. जो येत नाही त्यालाही द्या. लहान मुलांना आईवडिलांच्या परवानगीशिवाय बसवू नका. घटनेचं २५वं कलम धर्म सांगण्याची मोकळीक देतं, पण त्यात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७७ साली स्पष्ट केलं आहे. कायदा नसता तरी आमिष चुकीचंच होतं, कारण आमिषानं आलेला माणूस येशूसाठी आलेला नसतो. येशूचा शिष्य पेत्र तर सांगतो, कुणी तुमच्या आशेचं कारण विचारलं तर उत्तर सौम्यतेनं द्या. विचारणारा समोर असेल तर रेटायची गरजच उरत नाही.

चौघांत कामं वाटून घ्या: भजन, वाचन, प्रश्न, भेटीगाठी. चार आठवड्यांतून एकदा प्रत्येकानं सुट्टी घ्यायची आणि त्या दिवशी मंडळीत (चर्चमध्ये) मागच्या बाकावर बसून नुसतं ऐकायचं. प्रेषित परत आले तेव्हा येशूनंही त्यांना एकांती थोडा विसावा घ्यायला नेलं होतं (मार्क ६:३१).

बाकीची चार घरं फोनवरून बंद करू नका. दोघादोघांनी प्रत्यक्ष जा, चहा घ्या, आम्ही पेलवेल त्याहून जास्त अंगावर घेतलं होतं असं खरं सांगा आणि एका घरच्या सभेचा वार कळवा. म्हातारी माणसं तिथवर येऊ शकणार नाहीत. त्यांच्याकडे महिन्यातून एकदा नुसतं भेटायला जा, आणि ते म्हणाले तर एक अध्याय वाचून दाखवा.