सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग धाप का लागते?

वजन जास्त असलेल्या मुलामुलींचे पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा एक प्रश्न ठरलेला असतो. "जरा पळायला लावलं की धापा टाकायला लागते. खरंच होतं की टाळायचं म्हणून?" घरातलं दुसरं कुणीतरी त्याच गोष्टीकडे उलट बाजूनं बघत असतं: "हृदयाचं, फुप्फुसाचं काही नसेल ना?" बहुतेक वेळा हे दोन प्रश्न नवरा-बायकोचे असतात आणि माझ्यासमोर बसण्याआधीच त्यावरून त्यांचं वाजलेलं असतं. पुढच्या घरातही तसंच होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगी १४ वर्षांची. खेळाच्या तासाला सतत गैरहजर म्हणून शाळेनं घरी कळवलं, तेव्हा उलगडा झाला की 'तब्येत बरी नाही' अशा चिठ्ठ्यांवर आईची सही तीच ठोकत होती. वडील संतापलेले. "मॅडम, हिला पळायचं नाही, एवढंच आहे. मोबाइल घेऊन तासन्‌तास बसते तेव्हा बरी लागत नाही धाप!" आई म्हणाली, "अहो, निळी पडते ती. तुम्ही कधी पाहिलंय का?" मी खोदून विचारलं, तेव्हा निघालं की चेहरा लालबुंद होतो, ओठ निळे पडत नाहीत. हा फरक मोठा आहे, म्हणून तो विचारून घ्यावाच लागतो.

मुलगी गप्प होती. तिच्या मुठीत इनहेलर होता. धाप लागते म्हणून आधीच्या एका डॉक्टरांनी तो सुरू केला होता. 'पंप घेतल्यावर बरं वाटतं का?' असं विचारल्यावर ती म्हणाली, "माहीत नाही. पण पंप काढला की सर थांबू देतात."

समुपदेशकानं इथं लगेच मनाच्या गोष्टींकडे धावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी तपासणी. वजन जास्त असलेल्या मुलांमध्ये दम्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, त्यामुळे 'वजनामुळेच होत असेल' म्हणून सोडून देणं जितकं चुकीचं, तितकंच न तपासता दमा समजणंही चुकीचं. मी त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि जाण्याआधी मुलीकडून धाप नेमकी कधी लागते, कधी ओसरते, हे लिहून घेतलं. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. व्यायामानं उसळणारा दमा सहसा थांबल्यानंतर ५ ते १५ मिनिटांत जास्त जाणवतो; खोकला येतो, श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो. स्वरयंत्रापाशी वाट अरुंद होत असेल, तर ऐन पळताना श्वास आत घेताना आवाज येतो आणि घसा आवळल्यासारखा वाटतो. हिची धाप पळायला लागल्यावर मिनिट-दोन मिनिटांत यायची आणि बसलं की थोड्या वेळात जायची.

डॉक्टरांनी स्पायरोमेट्री (नळीत फुंकर मारायला लावून फुप्फुसांचं काम मोजणारी चाचणी) केली, ट्रेडमिलवर चालवून-पळवून पुन्हा फुंकर मारायला लावली, ईसीजी आणि हिमोग्लोबिन पाहिलं. सगळं नॉर्मल. व्यायामानंतर फुंकरीचा जोर घटला नव्हता, म्हणजे व्यायामानं उसळणाऱ्या दम्याची खूण नव्हती. पंप डॉक्टरांनीच बंद केला. (तो घरच्या घरी, आपल्या मनानं बंद करायचा नसतो.)

पुढच्या भेटीत वडिलांनी फाइल टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "बघा, मी म्हणतच होतो." मुलगी रडायला लागली. रिपोर्ट चांगले आले म्हणून कुणी रडतं का, असा आईचा चेहरा. पण त्या फाइलनं तिला खोटं ठरवलं होतं. धाप तर तिला लागतच होती. आता तिच्याकडे कारणही उरलं नव्हतं आणि पंपही.

म्हणून 'नॉर्मल' म्हणजे काय, हे तिघांनाही नीट समजावणं भाग होतं. स्पायरोमेट्री माणूस बसलेला असताना होते. खुर्चीत बसून एकदा पूर्ण श्वास भरायचा आणि जोरात सोडायचा, एवढं वजन जास्त असलेली बहुतेक मुलं व्यवस्थित करतात. अडचण हालचालीत उघडी पडते. पोटावरची आणि छातीवरची चरबी श्वासपटलाला (छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासाच्या स्नायूला) वर रेटते आणि छातीचा पिंजरा दाबून धरते. त्यामुळे शांत श्वास सोडल्यानंतर फुप्फुसात जी हवा शिल्लक राहायला हवी, ती कमी राहते. एरवी आपण पळायला लागलो की नेहमीपेक्षा जास्त हवा बाहेर टाकतो, म्हणजे पुढचा श्वास मोठा घेता येतो. या मुलांकडे आणखी बाहेर टाकायला हवाच थोडी असते. फुप्फुस इतकं रिकामं असताना बारीक श्वासनलिकाही आक्रसतात, हवा बाहेर पडायला वेळ लागतो. मग दोनच वाटा उरतात: भरलेल्या छातीवर श्वास घेत राहायचं, तिथं छाती ताठर झालेली असते आणि प्रत्येक श्वासाला जोर लावावा लागतो, नाहीतर उथळ आणि भराभर श्वास घ्यायचा. उथळ श्वासातली बरीच हवा श्वासनलिकांतच राहून परत येते, तिच्यातला ऑक्सिजन रक्तापर्यंत पोचतच नाही.

वडिलांचा चेहरा कोराच होता. मी त्यांना म्हटलं, "श्वास सोडा. अजून सोडा. अजून थोडा. आता परत भरायचा नाही, तिथूनच छोटे छोटे श्वास घेत मला तुमच्या कामाबद्दल सांगा." त्यांनी दोन वाक्यं काढली आणि तिसऱ्याला छाती भरून श्वास घेतला. मुलगी डोळे पुसत हसली. "आता असंच मैदानाला चक्कर मारून या," असं मी म्हटलं नाही, पण त्यांना कळलं असावं. ही गोष्ट निरोगी मोठ्या माणसालाच, बसल्या जागी आणि क्षणभरच करायला सांगावी.

दुसरा हिशेब ऑक्सिजनचा. शांत बसलेल्या निरोगी माणसाच्या एकूण ऑक्सिजनपैकी श्वासाच्या स्नायूंना जेमतेम १-२ टक्के लागतो. जोराच्या व्यायामात हा वाटा १० टक्क्यांच्या आसपास जातो. छातीवर भार असेल तर हा खर्च आणखी वाढतो. शिवाय चालताना-पळताना स्वतःचं वजन पाऊलागणिक उचलायचं असतं, म्हणून वर्गमैत्रिणीच्या बरोबरीनं चाललं तरी हिच्या शरीराला जास्त ऑक्सिजन आणि जास्त हवा लागते. मैत्रीण गप्पा मारत चालते तो वेग हिच्यासाठी मेहनतीचा असतो. गंमत म्हणजे अशा बऱ्याच मुलांचं शरीर एकूण ऑक्सिजन कमी वापरत नाही. तो आकडा वजनानं भागला की मग छोटा दिसतो. वडिलांना हे पटायला वेळ लागला. मैदानावर ती मागे पडलेली दिसते आणि मागे पडलेलं मूल कमी कष्ट करतंय असंच बघणाऱ्याला वाटतं.

आई-वडिलांना बाहेर बसवून मी तिच्याशी एकटीशी बोलले, तेव्हा एक वेगळीच गोष्ट कळली. बारीक दिसावं म्हणून ती युनिफॉर्मच्या आत पोट आवळणारा घट्ट कपडा घालायची, त्यावर घट्ट बनियन आणि वर कंबरेचा पट्टा. खेळाच्या तासाला तर हमखास, कारण तेव्हाच सगळे बघतात. म्हणजे श्वासाला आधीच अपुरी असलेली जागा ती स्वतःच आणखी आवळत होती. किशोरवयीन मुलींना हा प्रश्न मी आता विचारतेच, आणि आई समोर नसताना विचारते. मुलगेही घालतात असे कपडे, ते कबूल करायला जास्त वेळ घेतात.

आणखी एक. सगळ्यांच्या मागे राहायला नको म्हणून पहिली फेरी ती जीव तोडून पळायची. दुसऱ्या फेरीत श्वास घशाशी, मग 'आता सगळे बघतायत' ही धास्ती, धास्तीनं श्वास आणखी भराभर, मग चक्कर, बोटांना मुंग्या. मुंग्या आल्या की तिला वाटायचं आपण मरतोय. गरजेपेक्षा भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि चक्कर-मुंग्या येतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ऐकून ती म्हणाली, "म्हणजे मी नाटकही करत नव्हते आणि मरतही नव्हते."

कपडा सुटला. बाकीचं डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानं ठरवलं. वेगाऐवजी श्वासावर लक्ष द्यायचं. गुनार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं तयार केलेली मोजपट्टी आम्ही वापरली: धाप अजिबात नाही तर ०, सहन होण्याच्या पलीकडे तर १०. एक मिनिट भरभर चालायचं, धाप ३-४ पर्यंत जाऊ द्यायची, ५ झाली की वेग कमी करायचा आणि ती उतरेपर्यंत हळू चालायचं. थांबायचं मात्र नाही. या पायरीवर छोटं वाक्य बोलता येतं, गाणं म्हणता येत नाही. पळणं नंतर. फार धाप लागली तर हात गुडघ्यांवर टेकून किंचित पुढे वाकायचं आणि ओठ चंबू करून श्वास सावकाश सोडायचा. घेण्याची काळजी करायची नाही, तो आपोआप येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी आठवडाभरात सरासरी रोज किमान ६० मिनिटं मध्यम ते जोराची हालचाल सांगितली आहे. वडिलांना ही मिनिटं एका दमात हवी होती. तुकड्यातुकड्यानं केली तरी चालतात, हे ऐकून मुलीचा जीव भांड्यात पडला.

"पोहायला घाला" हा सल्ला सगळे देतात. गुडघ्यांसाठी तो उत्तम. पण गळ्याइतक्या पाण्यात पाणी छातीवर दाब देतं आणि सुरुवातीला श्वास आखडल्यासारखा वाटतो. हे आधी सांगितलं नाही तर मूल पहिल्याच दिवशी घाबरून बाहेर येतं. सायकल बरी, वजन सीटवर जातं. फक्त हँडल उंच असावं, पुढे वाकून बसलं की पोट श्वासपटलाला रेटतं.

हळूहळू त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला तिची धाप एक-दोन आकड्यांनी खाली आली. काट्यावर तेव्हा फारसं काही हललं नव्हतं. सरावानं स्नायू ऑक्सिजन नीट वापरायला लागतात आणि धापेची भीती ओसरते. यासाठी आधी वजन उतरावं लागत नाही. वजन उतरलं की छातीखालची जागाही परत मिळते, ते वेगळं. खेळाच्या सरांना मी तिच्या परवानगीनं पत्र दिलं. आता ती 'चाल-पळ' करते, फेऱ्या कमी पण तास पूर्ण.

हे वाचून 'आमचंही असंच' म्हणून कुणी घरीच निदान करू नये. पळताना छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, छातीत अनियमित धडधड, ओठ निळे पडणं, घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणं, यांतलं काहीही असेल तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टर. बसल्या जागी धाप लागत असेल तर लगेच. रात्री जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसा पेंगणं असेल तर झोपेतल्या श्वासाची तपासणी करून घ्यावी, तो त्रास नेहमीच्या स्पायरोमेट्रीत दिसत नाही.

आई आता चिठ्ठ्यांवर स्वतःच सही करते, आणि पाळीच्या पहिल्या दिवसाखेरीज सहसा वेळ येत नाही. वडिलांचं मात्र दर रविवारी "काटा काय म्हणतो?" चालूच आहे. मुलगी म्हणते, "बाबांना सांगा, धापेचा आकडा विचारा." तिनं स्वतः सांगावं असं मला वाटतं, तिला ते अजून जमत नाही. पुढच्या भेटीला मी वडिलांना एकट्यानं बोलावलं आहे.