दाखल्याच्या त्या अर्जावर सही करू नका

यावल तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हातापायांच्या हालचालींवर परिणाम होतो), दिव्यांग प्रमाणपत्र ६५ टक्क्यांचं. चौथीपर्यंत वर्ग खाली होता. यंदा पाचवीचा वर्ग वरच्या मजल्यावर गेला. ताई त्याला कडेवर घेऊन वर सोडतात, मधल्या सुट्टीत लघवीला न्यायला परत येतात, त्यामुळे केळीच्या कामावरचा रोज बुडतो. शाळा खासगी अनुदानित. मुख्याध्यापक म्हणाले, "आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही. दाखला काढा, विशेष शाळेत टाका, नाहीतर घरीच शिकवा." आणि टाइप केलेला अर्ज पुढे केला : 'मी स्वखुशीने दाखला मागत आहे.' ताई विचारतात, सही करू का?

ताई, अजिबात करू नका. माझ्या मते तुमचं सगळं प्रकरण त्या 'स्वखुशीने' शब्दावर आहे. सही झाली की शाळेनं काढलं हे कागदावर उरतच नाही. तुम्हीच नेलं असं होतं.

शाळा सांगते ते पर्याय कायद्यात आहेत, पण ते निवडायचा हक्क तुमचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ३१ सांगतं की ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षण मिळालं पाहिजे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीनं. घरी शिकणं हीसुद्धा शिक्षण हक्क कायद्यात तीव्र दिव्यांग मुलाला दिलेली मुभा आहे. शाळेनं ती लादायची नाही. शिक्षण हक्क कायद्याच्याच कलम १६ प्रमाणे आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढताही येत नाही.

आणि 'सोय नाही' हे उत्तरच चालत नाही. सोय करणं हे मान्यताप्राप्त शाळेचं कर्तव्य आहे (२०१६ च्या कायद्याचं कलम १६). इथे सोय म्हणजे काय हो? पाचवीचा वर्ग खाली आणायचा, एवढंच! त्याला एक रुपया लागत नाही. लिहायला हात चालत नसेल तर परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिकही मागा.

आता मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज लिहा : वर्ग तळमजल्यावर घ्यावा, शौचालयासाठी मदतनीस द्यावा, नकार असेल तर कारणासह लेखी द्यावा. सोबत प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडा, मूळ प्रत कुणाच्या हाती देऊ नका. दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घ्या. घेतलाच नाही तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. पंधरा दिवसांत हालचाल दिसली नाही तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करा, तिथेही नाही झालं तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे. वकिलाच्या फीची काळजी नको. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडून महिला, बालक आणि दिव्यांगांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

तोवर त्याला रोज शाळेत न्या, त्रास होईल तरी. खाडे पडले की 'मुलगा येतच नव्हता' असं लिहायला शाळा मोकळी होते.