धुळ्यात जुन्या पोर्शे बॉक्स्टर गाडीचं सस्पेन्शन शोरूमबाहेर करून घ्यावं का?

घ्या की भाऊ, पण मिस्त्री पारखून. पहिल्या बॉक्स्टरला (1996 ते 2004) चारही चाकांना मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब) आहेत, त्यात अगम्य काही नाही. शोरूममध्ये बहुधा पूर्ण भागच बदलतात. स्वतंत्र कारागीर मात्र गॅसचा शॉकअप उघडून सील आणि तेल बदलतो, नायट्रोजन भरून देतो. शॉकअपच्या दांड्यावर गंजाचे खड्डे पडले असतील तर तो खर्च वाया. नवीनच घ्या, आणि जोडीनेच. शॉकअप उघडायचं काम गल्लीतल्या गॅरेजचं नाही. शॉकअप सुटे काढून मुंबई-पुण्याला पाठवा, बसवणं धुळे-जळगावात होईल.

एक गोष्ट हमखास चुकते. रबरी बुशचे (सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी कड्यांचे) बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना शेवटचे आवळतात. मग गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच आवळायला सांगा, समोर उभे राहून! पॉलियुरेथेनच्या (रबरापेक्षा कडक) बुशचा मोह टाळा. आपल्या रस्त्यांवर दणके थेट कंबरेत येतात.

जुने भाग परत मागा. शेवटी चारही चाकांचं अलाइनमेंट, त्याचा छापील कागद घेऊन.