मातीत टाकलेलं कोबाल्ट सल्फेट पिकाला लागू का पडत नाही?

बहुतेक वेळा ते मँगनीजच्या ऑक्साइडांत अडकतं. सल्फेट विरघळलं की कोबाल्ट द्विसंयुजी (दोन धन प्रभारांचा) आयन म्हणून मोकळं होतं. काही कोबाल्ट चिकणमातीच्या कणांवर आणि ह्यूमसवर, म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय पदार्थावर, बसतं. सामू (pH) घसरला, म्हणजे माती आम्ल झाली, की त्यातलं बरंचसं पुन्हा सुटतं. ढेकूळ फोडल्यावर दिसणारे काळे ठिपके, म्हणजे मँगनीजच्या गाठी, मात्र सोडत नाहीत. तिथे कोबाल्टचा एक इलेक्ट्रॉन जातो, ते त्रिसंयुजी होतं आणि खनिजाच्या जाळीतच रुतून बसतं. मुळांच्या हाती मग फारसं काही लागत नाही.

पाणी साचून हवा कोंडली तर हीच ऑक्साइडं विरघळतात आणि कोबाल्ट बाहेर पडतं. म्हणून नुसतं एकूण कोबाल्ट मोजू नका. सामू आणि मँगनीज नक्की तपासा.